इंजिन बांधल्यावर ट्रक धूर मारतोय? हेड उघडण्याआधी हे तपासा

नवीन पिस्टन-रिंगचं किट टाकलं, हेडचं काम झालं, पंप कॅलिब्रेट झाला, बिलं चुकती केली आणि गाडी सुरू करताच सायलेन्सरमधून धूर. यापुढे काय होतं ते कोल्हापुरात ठरलेलं आहे. फिटर म्हणतो, "मालक, पंपवाल्याकडं जावा." पंपवाला म्हणतो, "नोझल ओके हाईत, हेड बघा." हेडवाला आपल्या सीटला नाव ठेवू देत नाही. बोअर आणि क्रँक करणारा "आमचं काम मापात हाय" म्हणून पुढच्या जॉबकडे वळतो. यातलं कुणी खोटं बोलत असेलच असं नाही. शिवाजी उद्यमनगरात एका इंजिनचं काम चार-पाच दारांत वाटलेलं असतं. प्रत्येक दाराचा हात तयार असतो, पण आख्ख्या इंजिनाला जबाबदार असा एकही नसतो. ती जबाबदारी शेवटी मालकावर येते, आणि पहिल्यांदाच इंजिन बांधून घेणाऱ्या मालकाला ती पेलत नाही, कारण कुणाला काय विचारायचं हेच त्याला माहीत नसतं.

मी मेकॅनिक नाही, गाडीमालक आहे. या सगळ्या दारांतून फिरून जे कळलं ते क्रमानं लिहितोय. सूत्र एकच: बाहेरून आत जायचं. फुकट होणारी तपासणी आधी, पान्हा लागणारी त्यानंतर, हेड सगळ्यात शेवटी. लिहिलेलं बहुतेक सगळं साध्या, म्हणजे मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी आहे. सेन्सरच्या गाड्यांसाठी जिथं वेगळं वागायचं तिथं तसं सांगितलंय.

१. आधी हे जमवा

कागद:
- बोअर-क्रँकची पावती. तिच्यावर माप लिहिलेलं हवं. नुसतं "बोअर केले" चालत नाही.
- पिस्टन-रिंग किटच्या खोक्यावरचं लेबल. खोकं फेकून दिलं असेल तर किमान पार्ट नंबर.
- पंप टेस्ट बेंचवर लावला तेव्हाचा रिपोर्ट आणि नोझल किती प्रेशरला सेट केलं ते.
- हेडवर काय केलं त्याची नोंद: फेस मारला (खालचा सपाट भाग घासला) का, व्हॉल्व्हच्या सीट (बसायच्या जागा) बदलल्या की कापल्या, गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) नवीन की जुन्या.

सामान: पांढरा जाड कागद, टॉर्च, फिलर गेज, पान्हे, साबणाचं पाणी, आणि मिळाली तर तापमान मोजायची गन. डिझेलचं कॉम्प्रेशन गेज फिटरकडून मागून घ्या. पेट्रोलचं लावू नका, डिझेलच्या दाबाला ते टिकत नाही.

एक छोटी वहीसुद्धा ठेवा. तारीख, किलोमीटर, ऑइलची पातळी, पाण्याची पातळी आणि धूर कधी दिसला एवढंच लिहायचं. चार दारांत भांडायला याच्याइतकं चांगलं हत्यार नाही.

२. पहिल्या धुराला घाबरू नका

बांधताना पिस्टनला आणि लायनरला, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीला, लावलेलं ऑइल सुरुवातीला जळतं. शिवाय जुनं इंजिन ऑइल खात असेल तर तुमचा सायलेन्सर आतून ऑइलनं माखलेला असतो. नवीन इंजिन तापलं, लोडवर चाललं, की तो माल जळून निळसर-पांढरा धूर निघत राहतो. इंजिन चांगलं असून निव्वळ सायलेन्सरमुळे हेड परत उघडलेल्या गाड्या आहेत. शंका असेल तर सायलेन्सर सोडून मॅनिफोल्डच्या पाइपाचं तोंड बघा. तिथं कोरडं आणि मागं ओलं असेल तर इंजिनाला हात लावायचं कारण नाही.

आता रिंग बसण्याचा विषय, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. बरेच फिटर इंजिन सुरू करून दिवसभर आयडलवर सोडतात, "जरा मोकळं हू दे" म्हणून. हे मला अजिबात पटत नाही. रिंगच्या मागं जळत्या वायूचा दाब गेला तरच ती लायनरवर दाबली जाऊन घासते आणि बसते. आयडलवर तो दाब फार कमी असतो. लायनरवर होनिंगच्या, म्हणजे दगडानं घासून मुद्दाम पाडलेल्या, तिरक्या रेघा असतात; त्या कामाला येण्याआधीच त्यांच्यावर जळक्या ऑइलचा चकचकीत थर चढतो. एकदा तो चढला की रिंग बसत नाही आणि गाडी कायमची ऑइल खाते.

त्यामुळे सुरू केल्यावर ऑइल प्रेशर, पाणी आणि गळती बघा, इंजिन कोमट झालं की गाडी रस्त्यावर काढा. अर्धा लोड भरा. गिअरमध्ये मधल्या आरपीएमवरून जोर देत वर न्या, पाय सोडा, परत न्या. टॉप गिअरला कमी आरपीएमवर रडवत चढवू नका. नॅशनल परमिट असेल तर कागल, निपाणी करत कर्नाटकातल्या तवंदी घाटापर्यंतची फेरी यासाठी छान पडते. नसेल तर गगनबावड्याचा रस्ता आहेच. पहिलं ऑइल आणि फिल्टर किटवाल्यानं सांगितलेल्या किलोमीटरला बदला, ऑइल कंपनीच्या ग्रेडचंच घाला, आणि "रिंग लवकर बसते" म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्या दुकानातच राहू द्या.

धूर रोज थोडा-थोडा कमी होत असेल तर वाट बघा. तेवढाच राहिला किंवा वाढला तर पुढं वाचा.

३. रंग बघण्याआधी वेळ बघा

निळा-पांढरा-काळा हा तक्ता सगळ्यांना पाठ असतो. पण ढगाळ हवेत निळा धूर पांढरा दिसतो, आणि न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर उन्हात निळसर वाटतो. रंगापेक्षा धूर कधी येतो हे जास्त बोलतं. वहीत लिहायचं ते असं:

- थंड इंजिन सुरू करताना येतो आणि तापल्यावर जातो का?
- तापल्यावरही आयडलला येत राहतो का?
- बराच वेळ आयडलला उभी करून एकदम ॲक्सिलरेटर दिला की भपकारा येतो का?
- चढाला, लोडवर येतो का?
- घाट उतरून खाली आल्यावर पहिला पाय दिला की येतो का?

मग कागद. सायलेन्सरच्या तोंडापासून हातभर अंतरावर थोडा वेळ धरा. डाग वाळून गेला तर पाणी. तेलकट राहिला तर ऑइल किंवा डिझेल. वासावरून फरक कळतो. काळी भुकटी बसली तर काजळी. आणि डोळे झोंबतात का ते बघा: झोंबणारा, हवेत रेंगाळणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. वाफ असेल तर थोड्या अंतरावर विरून जाते आणि झोंबत नाही.

४. पांढरा, डोळे झोंबणारा धूर

बांधलेल्या इंजिनात हा सगळ्यात जास्त भेटतो, आणि बहुतेक वेळा दोष जोडणीत असतो. या क्रमानं जा.

डिझेलमधली हवा. टाकी-फिल्टर उघडलेले असतात, एअर नीट काढलेली नसते. गाडी मिस मारते आणि धूर सोडते. हातपंप मारून एअर काढा, बॅन्जो बोल्टचे वॉशर बघा.

पंपाचं टायमिंग. गिअरच्या खुणा जुळवताना एक दात चुकला की संपलं. टायमिंग मागं पडलं तर पांढरा धूर, उचल नाही, सायलेन्सर नको तेवढा तापतो. पुढं गेलं तर इंजिन कडक ठोकतं. पंप बेंचवर बरोबर आहे याचा अर्थ तो गाडीवर बरोबर बसलाय असा होत नाही. पंपवाला आणि फिटर यांच्यातलं भांडण नेमकं इथंच असतं. एक नंबर सिलिंडर खुणेवर आणून टायमिंग दोघांच्या समोर तपासून घ्या.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांतली फट. फार टाइट असले तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीत, कॉम्प्रेशन जातं, थंडीत गाडी पांढरा धूर काढत सुरू होते. हेड बोल्ट परत टॉर्क केल्यावर टॅपेट पुन्हा लावायचे असतात. तेवढंच विसरलं जातं.

नोझल. बेंचवर फवारा बरोबर असतो, पण बसवताना खालचा जुना तांब्याचा वॉशर हेडमध्येच राहतो आणि वर नवीन चढतो. दोन वॉशर झाले की नोझल वर राहतं आणि फवारा पिस्टनच्या वाटीत नीट पडत नाही. सहा नोझल काढून वॉशर मोजायला काहीच खर्च नाही.

थर्मोस्टॅट. "आपल्याकडं कशाला लागतंय" म्हणून तो काढून टाकायची पद्धत आहे. मग इंजिन कामाच्या तापमानाला येतच नाही, ऊस भरायला पहाटे निघणारी गाडी अर्ध्या वाटेपर्यंत पांढरी ओकत जाते आणि रिंगही नीट बसत नाहीत. परत बसवा.

हे सगळं ठीक असेल तरच व्हॉल्व्ह सीटकडे या. सीट कापताना व्हॉल्व्ह हेडच्या फेसपासून फार आत गेला तर पिस्टनच्या वरची जागा वाढते आणि कॉम्प्रेशन कमी होतं. माप डेप्थ गेजनं येतं. हेडवाल्याकडून आधीच लिहून घेतलं असेल तर हेड न उघडताही उत्तर मिळतं.

५. पांढरी वाफ, म्हणजे पाणी

सकाळी आणि पावसाळ्यात थोडी वाफ चालतेच, गगनबावड्याच्या बाजूला तर जास्तच. पण तापल्यावरही येत असेल आणि रेडिएटरचं पाणी घटत असेल तर थांबा. थंड इंजिनाला रेडिएटरचं झाकण काढून सुरू करा आणि बुडबुडे बघा. तापलेल्या इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. सुरू केल्या-केल्या, पाणी थंड असतानाच होज दगडासारखा कडक होत असेल तर सिलिंडरचा दाब पाण्यात जातोय.

संशयित तीन: हेड गॅस्केट, हेडची चीर, आणि ज्या इंजिनात नोझलभोवती स्लीव्ह असते तिथं ती स्लीव्ह. वेट लायनर (ज्याला बाहेरून पाणी लागतं) असेल तर लायनर ब्लॉकच्या वर किती राहिला यावरही गॅस्केटचं आयुष्य ठरतं; एक लायनर खाली बसला की गॅस्केट तिथंच फुंकतं. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी तशीच चालवू नका. बेअरिंग जातात, क्रँकही जातो. धूर नाही पण ऑइल दुधाळ, असं असेल तर लायनरचे रबर कापले असण्याची शक्यता जास्त.

ईजीआर कूलर (जळका वायू इंजिनात परत सोडण्याआधी पाण्यानं थंड करणारा भाग) असलेल्या गाडीत हेडला हात लावण्याआधी तो कूलर तपासा. तो फुटला तरी हुबेहूब हेड गॅस्केट गेल्यासारखंच दिसतं.

६. निळा धूर

आधी डिपस्टिक. ऑइल जास्त भरलंय का? चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) किंवा डिपस्टिक दुसऱ्या मॉडेलची बसली असेल तर खूण बरोबर दिसूनही ऑइल जास्त असतं. पातळी वापरल्यावर आपोआप वाढत असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर पंपाकडून डिझेल उतरतंय. इंजिन लगेच बंद करा. जुन्या पद्धतीचा ऑइलचा एअर क्लीनर असेल तर त्याच्या वाटीतही खुणेपेक्षा जास्त ऑइल नको.

मग टर्बो. हवेचा पाइप काढा. इंजिनाकडे जाणारा पाइप आतून ओलाचिंब असेल तर ऑइल टर्बोतून येतंय. तरी टर्बो लगेच बदलू नका. टर्बोतलं ऑइल खाली चेंबरकडे आपल्या वजनानं उतरतं. त्या उतरणीच्या पाइपाच्या तोंडाशी फिटरनं भरपूर सिलिकॉन चोपडलेलं असेल, किंवा ब्रीदर (चेंबरमधला वायू बाहेर सोडणारी नळी) तुंबून चेंबरमध्ये दाब वाढला असेल, तर धडधाकट टर्बोसुद्धा सीलमधून ऑइल फेकतो. पाइप साफ करा, ब्रीदर मोकळा करा, परत बघा. शाफ्ट हातानं हलवून तो घरट्याला घासत असेल तरच टर्बो गेला म्हणा.

टर्बो कोरडा असेल तर वहीतली वेळ कामाला येते. बराच वेळ आयडलनंतर पाय दिला की भपकारा आणि मग साफ: गाईड आणि व्हॉल्व्ह सील बघा. लोडवर सतत निळा, आणि ब्रीदरमधूनही धूर: रिंग किंवा लायनर. ऑइल भरायचं झाकण सैल ठेवून इंजिन चालवा. ते थोडं नाचलं तर चालेल, रिंग बसेपर्यंत थोडा दाब असतोच. उडून पडलं तर कॉम्प्रेशन खाली उतरतंय.

रिंगमधल्या नेहमीच्या चुका: खुणेची बाजू खाली करून बसवलेली रिंग, सगळ्या रिंगची तोंडं एका रेषेत, तोंडातली फट लायनरमध्ये न मोजता टाकलेलं किट, आणि होनिंगनंतर लायनर साबणपाण्यानं न धुता नुसत्या डिझेलनं पुसणं. शेवटच्या प्रकारात दगडाची भुकटी रेघांत राहते आणि नवीन रिंग थोड्याच दिवसांत झिजवते.

इंजिन पळालं तर: टर्बो फुटून किंवा ऑइल जास्त होऊन इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊ लागलं तर डिझेल बंद करूनही थांबत नाही, उलट आरपीएम चढत जातात आणि निळ्या धुराचा लोट उठतो. अशा वेळी फक्त हवा बंद करूनच ते थांबतं. हवेच्या तोंडावर फळी किंवा जाड सपाट लाकूड दाबा. हात किंवा फडकं लावू नका, आत ओढलं जातं. गाडीत बसलेले असाल तर टॉप गिअर, पूर्ण ब्रेक आणि क्लच सोडून इंजिन दाबून बंद करा. जमलं नाही तर लांब पळा. नवीन बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करताना फळी जवळ ठेवलेली बरी.

७. काळा धूर

हा सोपा आहे: डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर, टर्बोपासून इंजिनापर्यंतचे होज (साबणाचं पाणी लावा, फुगे आले की फट सापडली), बांधताना पाइपात राहून गेलेलं फडकं, मग नोझल, मग पंप. "पंप वाढवून देतो, उचल बघा" याला हो म्हणू नका. जास्तीचं डिझेल लायनरवरचं ऑइल धुऊन काढतं आणि नवीन रिंगचं वाटोळं करतं.

पीयूसीला गाडी न्यायची असेल तर पूर्ण तापवून न्या. धुराच्या दाटपणाची मर्यादा बीएस-४ च्या गाडीला प्रति मीटर १.६२ आणि त्याआधीच्या गाड्यांना २.४५ आहे. तो आकडा पावतीवर येतो. वहीत उतरवून ठेवा, कारण पंपवाल्याकडे परत जाताना डोळ्यांनी बघितलेल्या धुरापेक्षा छापलेला आकडा जास्त चालतो.

८. दोषी सिलिंडर कुठला?

मेकॅनिकल पंपाच्या गाडीत आयडलला एकेका नोझलच्या लाइनचा नट थोडा सैल करा, डोळ्यांना चष्मा आणि हातात फडकं घेऊन. इंजिनाचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय. फरकच पडला नाही तर तो मेलेला आहे. आणि नट सैल केल्यावर धूर थांबला तर चोर सापडला. त्याचं नोझल शेजारच्या सिलिंडरमध्ये टाका. धूर नोझलबरोबर गेला तर पंपवाल्याचं दार, तिथंच राहिला तर हेड किंवा रिंग.

कॉमन रेलच्या, म्हणजे सेन्सरच्या, गाडीत हे कधीही करू नका. तिथं लाइनमधला दाब १००० बारच्या वर जातो. ती बारीक धार कातडीतून आत शिरते; बाहेरून टाचणीएवढी जखम दिसली तरी तडक कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं. अशा गाडीत स्कॅनर लावून सिलिंडर बंद-चालू करता येतात. बीएस-६ गाडीत काजळीचा फिल्टर धूर लपवतो, म्हणून तिथं ऑइल किती घटतंय यावरच नजर ठेवा.

मग कॉम्प्रेशन. बॅटरी भरलेली, सगळी नोझल काढलेली, डिझेल बंद. आकड्यापेक्षा सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा. पेट्रोल इंजिनासारखं आत ऑइल ओतून परत मोजू नका. डिझेलमध्ये वरची जागा इतकी कमी असते की आकडा खोटाच चढतो, आणि ऑइल जास्त पडलं तर कनरॉड वाकतो. त्यापेक्षा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून नोझलच्या भोकातून हवा सोडा आणि कान लावा. एअर फिल्टरकडे फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरला आली तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा चीर. हवा सोडताना क्रँक फिरू शकतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, पंख्याजवळ कुणी नको.

९. उघडावंच लागलं तर

सगळ्या दारांना एकाच दिवशी बोलवा. निदान फिटर आणि ज्याच्यावर संशय आहे तो. पुसण्याआधी फोटो काढा: गॅस्केटवरचे काळे माग, पिस्टनच्या डोक्यावरचा ओलावा, लायनरवरच्या रेघा. रेघा शिल्लक असून लायनर चकचकीत दिसत असेल तर थर चढलाय. परत होन करून नवीन रिंग टाकाव्या लागतील. मग मापं: व्हॉल्व्हची खोली, लायनरची उंची, नोझल किती बाहेर येतं, रिंगच्या तोंडातली फट. ही चारही मापं कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशेजारी लिहा आणि त्यावर ज्याची त्याची सही घ्या. "इतकं चालतंय" असं उत्तर आलं तर पुस्तकातला आकडा दाखवा, आवाज चढवायची गरज पडत नाही.

हेडचा फेस मारला असेल तर गॅस्केटची जाडी परत ठरवा. काही इंजिनांत पिस्टन किती वर येतो त्यावर दोन-तीन जाडीची गॅस्केट मिळतात आणि दुकानदार हाताला येईल ते देतो.

आणि ब्लॉकच बदलायची वेळ आली तर इंजिन नंबर बदलतो. ताराबाई पार्कात आरटीओकडे आरसीवर त्याची नोंद करून घ्यावी लागते. नवीन ब्लॉकचं बिल जपा, जुना ब्लॉक भंगारात देण्याआधी त्याच्या नंबराचा फोटो काढा, आणि नोंद होईपर्यंत गाडी लांबच्या भाड्याला लावू नका.